बायपासनंतर साडेपाच आठवडे: चालणं जमतंय, पुढचा व्यायाम कोणत्या क्रमाने?

कोरांटी

बाबांची (वय ५८) बायपास होऊन आज ३८ दिवस झाले. तीन ग्राफ्ट (हृदयाला रक्त द्यायला जोडलेल्या पर्यायी वाहिन्या) आहेत, एक छातीच्या आतल्या धमनीचा आणि दोन डाव्या पायाच्या शिरेचे. डिस्चार्जच्या वेळच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला बाहेर ढकलतं त्या रक्ताचं प्रमाण, ५० टक्के. मधुमेह नऊ वर्षांपासून. औषधं: मेटोप्रोलोल २५ दोन वेळा, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन ४० (कोलेस्टेरॉलसाठी), मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड १ (दोन्ही साखरेसाठी). मागच्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.४. बसल्या जागी नाडी ८२, बीपी ११८/७४. जखमा कोरड्या आहेत.

सध्या सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यावर २०-२० मिनिटं चालतात, दम लागत नाही. ऑपरेशनआधी रोज १२ सूर्यनमस्कार आणि पाच-पाच किलोचे डंबेल्स असा नेम होता, त्यामुळे आता हात शिवशिवतायत. डिस्चार्ज कार्डावर 'हलका व्यायाम करावा, जड उचलू नये' एवढं एकच वाक्य आहे. हलका म्हणजे किती, जड म्हणजे किती किलो, नाडी कुठवर जाऊ द्यायची आणि सूर्यनमस्कार-डंबेल्स कधी, हे आकड्यांत कुणी सांगेल का? पुढची तपासणी दोन आठवड्यांनी आहे. तिथे कोणते प्रश्न विचारायचे तेही सांगा.

फिजिओ_मिरज

हृदय पुनर्वसनाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाबांना प्रत्यक्ष तपासलेलं नाही हे धरूनच वाचा.

आधी नाडीचं. ट्रेडमिल टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी) होईपर्यंत साधा नियम म्हणजे बसल्या जागेची नाडी अधिक २० ते ३०. बाबांच्या बाबतीत १०२ ते ११२. '२२० वजा वय' हे सूत्र इथे विसरा. मेटोप्रोलोल नाडीला वर जाऊच देत नाही, त्यामुळे त्या सूत्रातून येणारा आकडा गाठायला गेलात तर बाबांना फरफटत न्यावं लागेल. शिवाय बसल्या जागेची ८२ ही नाडीसुद्धा सध्या थोडी चढीच आहे. हिमोग्लोबिन १०.४ असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. रक्त भरून आलं की हाच आकडा आपोआप खाली येईल, तेव्हा दर १५ दिवसांनी हिशेब नव्याने करा. नाडी मोजायची ती सकाळी गोळी घेण्याआधी, पाच मिनिटं शांत बसून. मनगटावरच्या घड्याळावर पूर्ण विसंबू नका. नाडी अनियमित असेल तर घड्याळ हमखास चुकतं. आठवड्यातून एकदा तरी बोटांनी पूर्ण एक मिनिट मोजा.

नाडीपेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे श्रमाचा अंदाज. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी आम्ही भिंतीवर लावून ठेवतो. ६ म्हणजे आरामात बसलेलं, ११ हलकं, १३ जरासं जड, १५ जड. बाबांनी सध्या ११ ते १३ च्या दरम्यान राहायचं. मोजपट्टी नको असेल तर बोलण्याची कसोटी लावा. चालता चालता सलग दोन-तीन वाक्यं बोलता आली तर वेग बरोबर आहे. शब्द तुटक यायला लागले तर जास्त झाला. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही.

आता वाढवायचं कसं. आधी वेळ, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी. दोन गोष्टी एकाच आठवड्यात वाढवू नका. २० मिनिटांचे २२, दोन दिवसांनी २४, असं करत आठव्या आठवड्यापर्यंत सलग ३० ते ३५ मिनिटं. त्यात पहिली आणि शेवटची पाच मिनिटं रमतगमत. ही शेवटची पाच मिनिटं लोक हटकून गाळतात, घराच्या दारापर्यंत झपझप येतात आणि धपकन सोफ्यावर बसतात. पायांतल्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या तेव्हा पसरलेल्या असतात, पोटऱ्यांचा पंप अचानक थांबतो, त्यात बीपी कमी करणारी औषधं चालू. मग डोळ्यांपुढे अंधारी येते. चालून आल्यावर लगेच कडकडीत पाण्याने अंघोळ केली तरी हेच होतं. निदान २० मिनिटं जाऊ द्या.

चालल्यानंतर दहा मिनिटांत नाडी मूळ आकड्याच्या जवळ यायला हवी. संध्याकाळपर्यंत अंग आंबल्यासारखं राहिलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळची नाडी नेहमीपेक्षा दहाने चढलेली दिसली तर तो दिवस निम्मा करा. तक्रार वाढते ती बहुधा त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी.

आणि वजनकाटा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी वजन करायचं. दोन दिवसांत दीड किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी साठलेलं असतं. व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा.

तालीम

डंबेल्स आणि सूर्यनमस्कारांचं मी सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या बायपासवाल्यांना हाडाचं गणित आधी समजावतो, मग वजनाला हात लावू देतो.

छातीचं मधलं हाड उभं कापून पोलादी तारांनी बांधलेलं असतं. तारा हाड धरून ठेवतात, जोडतात ते शरीरच. पहिले सहा ते आठ आठवडे सांधा कोवळा असतो, भक्कम व्हायला तीन महिने लागतात. मधुमेह, लठ्ठपणा, तंबाखू आणि जुनाट खोकला असेल तर त्याहून जास्त. बाबांना मधुमेह आहे, म्हणून तीन महिन्यांत आणखी दोन-तीन आठवडे धरून चाला.

'जड म्हणजे किती' याचं रूढ उत्तर: आठ आठवड्यांपर्यंत दोन ते चार किलोच्या वर नाही. घरातली मापं सांगतो म्हणजे अंदाज येईल. लिटरभर दुधाची पिशवी एक किलो, पाच लिटरचा भरलेला कुकर सहज सहा-सात किलो, भरलेली बादली १५, पाण्याचा जार २०, आणि घरगुती सिलिंडर गॅस-लोखंड मिळून ३० च्या आसपास. पहिला चालेल, दुसरा नाही, पुढच्यांकडे बघूसुद्धा नका. नातवंड दोन वर्षांचं असेल तर ते १०-१२ किलोचं असतं आणि वर वळवळतं. बाबांनी खाली बसावं, कुणीतरी नातवंड मांडीवर आणून द्यावं.

सूर्यनमस्कारांत अडचण नेमकी कुठे येते ते बघा. हस्तपादासनात डोकं हृदयाच्या खाली जातं, वर येताना चक्कर. साष्टांग नमस्कारात कोपर वाकवून शरीराचा भार छातीच्या स्नायूंवर येतो, आणि हेच स्नायू हाडाच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले असल्यामुळे सांधा उलट दिशांना ओढतात. भुजंगासनात तोच सांधा ताणला जातो. म्हणून तीन महिने पूर्ण सूर्यनमस्कार नाहीत. मधल्या काळात खुर्चीवर बसून हात खांद्यापर्यंत उचलणं, एकेक गुडघा वर घेणं, कंबरेतून थोडंसं झुकणं, एवढं करा. दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, भिंतीला हात टेकून जोर: हातभर अंतरावर उभं राहून दहा वेळा. दोन आठवड्यांनी ओट्याच्या उंचीवर. त्यानंतर जमिनीवर, तेही चार महिन्यांच्या पुढे. बैठका मात्र आत्ताही चालतील, खुर्चीवरून उठ-बस, आठ-आठचे दोन सेट. पाय मजबूत झाले की हृदयाचं काम हलकं होतं, आणि छातीच्या हाडाचा त्यात काही संबंध येत नाही. उठताना हात मांडीवर ठेवायचे, खुर्चीच्या दांड्यावर जोर द्यायचा नाही.

पाच किलोचे डंबेल्स सध्या माळ्यावर ठेवून द्या (बाबांनी नाही, तुम्ही). तपासणीत हाड पक्कं ठरलं की आठव्या आठवड्यानंतर अर्धा किलोपासून सुरुवात. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली पुरते. १२-१५ वेळा, एकच सेट, दिवसाआड. शेवटची दोन आवर्तनं सलग दोन आठवडे सहज जाऊ लागली तरच पुढचा अर्धा किलो.

श्वास रोखून कधीही उचलू नका. श्वास कोंडला की बीपी झपकन चढतं आणि सोडला की कोसळतं. यावर आमच्याकडे एकच उपाय, आकडे मोठ्याने मोजायचे. तोंडाने 'सात, आठ' म्हणणाऱ्या माणसाला श्वास कोंडताच येत नाही.

अश्विनातली_थंडी

दुचाकीचं कुणी बोललं नाही म्हणून. स्कूटर चालवण्यापेक्षा ती मेन स्टँडला लावणं जास्त धोक्याचं. १०० किलोची गाडी एका झटक्यात मागे ओढावी लागते, दोन्ही हातांनी आणि श्वास रोखून. किक मारतानाही हँडलवर तोच ताण. तीन महिने दुचाकी नको. मागे बसतानाही खड्ड्यात हात घट्ट आवळले जातात. चारचाकी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून. सीटबेल्ट टाळायचा नाही, बेल्ट आणि छाती यांमध्ये घडी केलेला टॉवेल ठेवायचा. बसमध्ये वरचा दांडा पकडून उभं राहणंही नको.

कोरांटी

खूप आभार. तीन गोष्टी राहिल्या. एक, डाव्या पायाला घोट्यापाशी संध्याकाळी सूज येते, सकाळी ओसरते. दोन, डावा खांदा आखडलाय, शर्ट घालताना कळ येते. कुणीतरी 'तीन महिने हात वर करायचाच नाही' असं सांगितल्यापासून ते हात पोटाशी धरूनच बसतात. तीन, कूस बदलताना छातीत दोनदा 'खुट' असा आवाज आला म्हणतात. दुखलं नाही.

फिजिओ_मिरज

तिसरं आधी. ती तपासणी दोन आठवड्यांवर ढकलू नका, याच आठवड्यात सर्जनना दाखवा. बरगड्या आणि हाड यांच्यामधल्या कूर्चेतून किंवा खांद्यातूनही असा आवाज येतो आणि तो निरुपद्रवी असतो. पण हाडाचे दोन भाग एकमेकांवर घासले तरी आवाज तसाच येतो, आणि घरबसल्या फरक कळणं अवघड आहे. दाखवेपर्यंत चालणं चालू ठेवा, पण हातांचे व्यायाम बंद आणि वजन एक किलोच्याही वर नाही. खोकताना, शिंकताना उशी छातीशी घट्ट आवळायची. आवाज वाढला, छाती हलल्यासारखी वाटली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी जायचं.

आवाज कूस बदलताना येतोय, म्हणजे उठायची पद्धत बघा. एका हातावर रेलून उठत असतील तर ती चूक. गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, पाय पलंगाखाली सोडायचे. पायांच्या वजनानेच धड वर येतं. घरच्यांनी काखेत हात घालून ओढायचं नाही, मदत करायचीच तर पाठीमागून खांद्याच्या फऱ्याला आधार द्यायचा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर दोन महिने कमोड खुर्ची आणा. उकिडवं बसून उठताना हात टेकावे लागतात, आणि कुंथणं वेगळंच. बद्धकोष्ठ असेल तर रात्री इसबगोल, भरपूर पाण्याबरोबर. पाण्यावर बंधन घातलेलं असेल तर आधी विचारून.

खांदा. 'हात वर करायचाच नाही' हा सल्ला अर्धवट ऐकलेला आहे. मधुमेह्यांचा खांदा फार लवकर आखडतो आणि एकदा गोठला की महिनोन्महिने सुटत नाही. सर्जननी हाड ठीक आहे असं सांगितलं की लगेच: खांदे मागे फिरवणं दहा वेळा. मग दोन्ही हातांची बोटं गुंफून हात समोरून दुखणार नाही तिथवर वर, दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोन्ही हात एकदम, कारण एकच हात ताणून वर किंवा मागे नेला की हाडावर तिरपा पीळ बसतो. शर्ट घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी.

पायाची सूज. शीर काढलेल्या पायात हे अपेक्षित आहे. ही सूज दोन-तीन महिने रेंगाळते. बसताना पाय स्टुलावर, झोपताना दोन उशांवर, घोटा वर-खाली तासाला वीस वेळा. डॉक्टरांनी दाबमोजे दिले असतील तर सकाळी उठण्याआधी चढवायचे, सूज आल्यावर नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा असेल तर घाबरू नका, शिरेलगतची बारीक नस दुखावलेली असते. पण पोटरी गरम, लाल, दाबल्यावर दुखरी झाली किंवा सकाळीही सूज उतरेना, तर त्याच दिवशी दाखवा. आणि शीर न काढलेल्या उजव्या पायालाही सूज आली तर ती जखमेची नव्हे. वजनकाटा बघा, डॉक्टरांना कळवा.

खलबत्ता

औषधांच्या बाजूने. ग्लिमेपिराइड आणि मेटोप्रोलोल एकत्र असताना साखर उतरल्याची धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र दबत नाही. चालताना अचानक थंड घाम, भूक, चिडचिड दिसली तर आधी साखर मोजा. सुरुवातीचे दोन आठवडे चालण्याआधी आणि नंतर मोजून वहीत लिहा. आधीची १०० च्या खाली असेल तर एक केळं किंवा दोन बिस्किटं खाऊन १५ मिनिटांनी निघायचं. खिशात ग्लुकोजची पुडी हवी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. साखर ३०० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही.

जिभेखालची सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम लिहून दिली असेल तर तीही खिशात. छातीत दाटलं तर थांबा, बसा, मग गोळी. उभ्याने घेतली तर बीपी पडून माणूस आपटतो. पाच मिनिटांत उतार नाही पडला तर १०८ ला फोन, स्वतः गाडी काढायची नाही. सिल्डेनाफिलसारखी (लिंगाच्या ताठरतेसाठीची) गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट चालत नाही. हा विषय घरात कुणी काढत नाही, म्हणून इथे लिहिलं. बाबांनी डॉक्टरांना एकट्यात विचारावं. शरीरसंबंधांसाठी ढोबळ कसोटी अशी की दोन जिने झपझप चढून दम किंवा छातीत त्रास नाही म्हणजे हृदय तयार आहे, हाडाची काळजी वेगळी.

ॲटोरव्हास्टॅटिनबद्दल: व्यायामाचं दुखणं वापरलेल्या स्नायूत येतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. दोन्ही मांड्या-खांदे कारण नसताना सारखे दुखत राहिले, किंवा लघवी चहासारखी झाली, तर डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

वाडा_चिरेबंदी_नाही

इतकी बंधनं घालून माणूस घाबरून बसतो. चार किलो म्हणजे चार किलो असं काही हाडाला कळत नाही. एका जोरदार खोकल्यात हाडावर येणारा ताण तेवढी पिशवी उचलताना येतो त्याहून जास्तच असतो, आणि खोकायला तर आपण सांगतोच! अलीकडे बऱ्याच ठिकाणी किलोऐवजी कोपराचा नियम शिकवतात. कोपर बरगडीला चिकटलेलं ठेवून, दोन्ही हातांनी, दुखणार नाही एवढं उचला. हात लांब करून उचललेली दोन किलोची कढई पोटाशी धरलेल्या चार किलोच्या पिशवीपेक्षा वाईट.

फिजिओ_मिरज

मान्य, कोपराचा नियम मीही शिकवते आणि घाबरून बसलेले रुग्णही बघते. पण ज्याच्या छातीत खुट वाजतंय आणि ज्याला मधुमेह आहे त्याला तो तपासणी झाल्यावर. तोवर आकडाच बरा.

पायपीट

चढाचं थोडं. सपाटीवर ३० मिनिटं विनासायास झाली की जिना: एक मजला, पायरीला दोन्ही पाय टेकवत, वर पोचल्यावर मिनिटभर थांबून बोलून बघायचं. कठड्याला हात फक्त तोलापुरता, वर ओढून घ्यायला नाही. आठवडाभर एक मजला, मग दोन. पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या हा चांगला मधला टप्पा, टप्प्याटप्प्याने थांबत, साधारण तीन महिन्यांनंतर. सिंहगड आतकरवाडीकडून म्हणजे जेमतेम तीन किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या आसपास चढ. तो ट्रेडमिल टेस्ट नीट झाल्याशिवाय काढू नका, आणि झाली तरी पहिल्यांदा अर्ध्या वाटेवरून परत.

मे महिन्यात सकाळी सातच्या आत, कडक थंडीत उलट ऊन आल्यावर, कानटोपी घालून. जेवणानंतर दीड तास जाऊ द्या.

खडीसाखर

योगाबद्दल एवढंच. कपालभाती आणि भस्त्रिका तीन महिने नाही, पोटाच्या झटक्यांनी छातीवर ताण येतो. अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय (श्वास न रोखता), भ्रामरी, शवासन आत्ताही चालतात. हॉस्पिटलातून आणलेला तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं यंत्र) कोपऱ्यात पडला असेल तर काढा. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. पहिली गोळी ६०० ची (सेकंदाला ६०० मिलिलिटर हवा), मग ९००, मग १२००. हळू ओढून गोळी दोन-तीन सेकंद वर टिकवायची. धसकन ओढून तिन्ही उडवल्या तर फुप्फुसाचा तळ तसाच राहतो.

कोरांटी

परवा सकाळची वेळ मिळाली. सोबत नेतेय: रोजच्या नाडीची, वजनाची, साखरेची वही. विचारायचे प्रश्न लिहिले आहेत. आवाज हाडाचा की कूर्चेचा, एक्स-रे किंवा सीटी लागेल का, ट्रेडमिल टेस्ट कधी, मेटोप्रोलोल चालू ठेवूनच टेस्ट करायची का, हिमोग्लोबिनसाठी लोहाची गोळी सुरू करायची का. काही राहिलं?

फिजिओ_मिरज

टेस्ट औषध चालू ठेवूनच करा म्हणावं, कारण व्यायामही औषध घेऊनच होणार आहे. टेस्टमध्ये नाडी कितीपर्यंत सुरक्षित राहिली तो आकडा कागदावर लिहून मागा. पुढचे सहा महिने त्याच आकड्यावर काम चालेल. आणि जाताना बाबांना पुढून बटणं असलेला शर्ट घाला.